बी. ए. होऊन पुढे काय?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गावच्या शिंप्याला मान वर करायला सवड नसते. तरी परवा माझ्या सदऱ्याचे माप घेता घेता त्याने विचारलेच, "गुरुजी, पोरगी औंदा बारावीला हाय. पुढं बी. ए. करीन म्हणती, तत्त्वज्ञान घेऊन. त्याचं पुढं काय होतं?" टेप माझ्या छातीभोवती आवळलेली होती, पळून जाणेही शक्य नव्हते!

असा प्रश्न विचारणाऱ्याला आपण चटकन नाक मुरडतो. 'विद्येचा बाजार मांडला,' असे म्हणून मोकळे होतो. पण ज्याने जन्मभर 'या कापडात सदरा बसेल की बंडी' हे आधी पाहिले आणि मगच कात्री चालवली, त्याने मुलीच्या तीन वर्षांविषयी तेच विचारले, तर त्यात हलके काय आहे?

मी ठेवणीतले उत्तर काढले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले, ते अवघे चार. त्यांतले रानडे पुढे न्यायमूर्ती झाले. भांडारकरांचे नाव संस्कृत विद्येत जगभर झाले. शिंपी म्हणाला, "चारच होते तवा ठीक. आता चार आमच्या गल्लीत हायेत. त्यांतला एक माझ्याकडं काजेबटणाला येतो."

मग मी आजचे सांगितले. भारतीय प्रशासन सेवेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीनंतर तीन वर्षे कायदा शिकून वकील होता येते, बी. एड. करून शिक्षक होता येते. सांगता सांगता माझे मलाच जाणवले, की मी 'पुढे' हाच शब्द फिरवून फिरवून वापरतो आहे. बी. ए. हा उंबरठा, त्यापुढे ओसरी, मग माजघर. जेवणाचे पान कुठे मांडले आहे, ते मात्र बाहेरून दिसत नाही.

मी स्वतः मॅट्रिकपाशी थांबलो. कादंबऱ्या लिहिल्या त्या पदवीवाचून. त्यामुळे बी. ए. झालेल्यांविषयी माझ्या मनात थोडी असूया आहे आणि थोडा ताठाही. वाचकांनी तेवढी सूट घालून घ्यावी.

वर्गात मी हा विषय निघाला की आगरकरांची गोष्ट सांगत आलो. टेंभूचा हा अत्यंत गरीब मुलगा इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. होतो, आणि आईला पत्र लिहून कळवतो की, मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस. पोटापुरते मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांसाठी देईन. मुले भारावून ऐकतात. मीही भारावून सांगतो. पण शिंप्याच्या दुकानातून घरी येताना प्रथमच माझ्या मनात आले, की हे पत्र आपण नेहमी लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचतो. ज्या माउलीने मुलगा शिकून मोठा होईल म्हणून दिवस काढले, तिच्या हाती ते पडले तेव्हा तिला काय वाटले असेल? त्यागाचे श्रेय मुलाच्या नावावर लागले. त्यातला किती हिस्सा तिने न विचारता भरला?

तेव्हा पदवीची किंमत विचारताना ती कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे. शिकणारा वर्षे घालवतो. ती वर्षे पुरवणारा दुसराच असतो. पण याचा अर्थ असा करावा का, की ज्यांच्या घरी थांबण्याची ऐपत आहे त्यांच्याच मुलांनी खरे-खोटे, न्याय-अन्याय यांचा विचार शिकावा, आणि बाकीच्यांनी टाके घालावेत? हेही माझ्या घशाखाली उतरत नाही. आगरकरांना कोणी हिशेबी माणसाने वेळीच अडवले असते, तर 'सुधारक' कोणी काढला असता? शिवाय मोठा पगार नाकारण्याचा अधिकारदेखील त्यांना त्या पदवीनेच दिला होता. ज्याच्यापुढे पगारच नाही, तो नाकारणार काय?

चार दिवसांनी सदरा आणायला गेलो. मुलगी मागे बसून हातशिलाई करीत होती. बापाचे म्हणणे, नर्सिंगला घालावी. शिक्षण संपताच हाती पगार येईल. काम चांगलेच आहे ते. मी तिला विचारले, "तुला काय वाटतं?"

"सर, मी दोन्ही करीन," ती मान वर न करता म्हणाली. "आधी कुठलं, तेवढं ठरत नाही."

मी शिंप्याला म्हटले, "बी. ए. आधी केलं, तर स्वतःच्या पायावर उभं राहायला पाच-सहा वर्षं लागतील. तेवढं घर थांबेल का, ते बघा."

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "घर थांबंल, गुरुजी. सुईत दोरा पोरगीच ओवून देती आता. डोळं थांबत्यात का, ते बघाय पायजे."

सदरा मात्र अंगाला नेमका बसला आहे. दिवाळीत तोच घालणार आहे.