ऐंशी जणांचं वाद्य

सिम्फनी ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकायला गेलेला माणूस मध्यंतरात एक प्रश्न हमखास विचारतो. सगळ्यांच्या पुढ्यात स्वरलिपी आहे, सगळ्यांना वाजवता येतं, मग समोर उभा राहून हात हलवणारा तो गृहस्थ नेमकं करतो काय? प्रश्न बावळट नाही. १९२२ साली मॉस्कोत पेर्सिम्फान्स नावाचा ऑर्केस्ट्रा निघाला, त्यात कंडक्टरच नव्हता, आणि तो दहा वर्षं चालला. न्यूयॉर्कच्या ऑर्फियस या छोट्या ऑर्केस्ट्रानेही १९७२ पासून हाच मार्ग धरला.

नामवंत कंडक्टरच्या मैफलीत या प्रश्नाचं उत्तर सापडणं कठीण. तिथे संध्याकाळभर एकच माणूस उभा. तुलना करायची कशाशी? उत्तर सापडतं ते युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एका प्रथेत, जिच्याकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. विद्यापीठाचा ऑर्केस्ट्रा एखादी संध्याकाळ विद्यार्थी कंडक्टरांच्या हवाली केला जातो. एकाच्या वाट्याला ओव्हर्चर, दुसरीच्या वाट्याला सिम्फनीचा एखादा भाग, तिसऱ्याला आणखी काही. खुर्च्या त्याच, वादक तेच, सभागृह तेच. माणूस बदलतो आणि पाच मिनिटांत व्हायोलिनांचा पोत बदलतो, ट्रॉम्बोन दबतात किंवा अंगावर येतात. कुणीतरी तिथे काहीतरी करत होतं, हे तेव्हा कानांना पटतं.

आणखी एक गोष्ट. मुरलेले व्यावसायिक वादक कच्च्या कंडक्टरला सांभाळून घेतात. त्याचा हात चुकला तर ते त्याच्याकडे बघणं सोडतात, पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या धनुकलीवर नजर ठेवतात, आणि मैफल पार पडते. विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राकडे असं कवच नसतं. हात जे दाखवेल ते बरंचसं तसंच वाजतं. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात घ्या. ते चार सूर सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणजे पहिला ठोका मौनावर पडतो. तो ठोका देण्याआधी हात वर उचलायचा, आणि त्या उचलण्यातच गती, जोर, सगळं सांगून टाकायचं. उचलताना मनात शंका असेल तर तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एका ओळीत येत नाहीत. सूर विस्कटलेला पडतो आणि तो विस्कट शेवटच्या रांगेलाही ऐकू येतो. म्हणून ही मैफल नामवंतांच्या मैफलीपेक्षा कडक परीक्षा आहे असं मला वाटतं, जरी तिकीट फुकट असलं तरी.

पण मुद्दा परीक्षेचा नाही, रियाजाचा आहे. आपल्याकडे गाणं शिकणारा पहाटे एकटा तंबोरा घेऊन बसू शकतो. व्हायोलिन शिकणारी मुलगी खोलीचं दार लावून चुका करू शकते. कंडक्टर होऊ पाहणाऱ्याला ही मुभा नाही, कारण त्याचं वाद्य म्हणजे ऐंशी माणसं. तो आरशासमोर हात हलवू शकतो, स्वरलिपी तोंडपाठ करू शकतो. पण चूक करायची तर लोकांसमोर, लोकांचा वेळ खर्चून. शिवाय ज्यांना तो सूचना देतो त्यातला प्रत्येक जण आपापल्या वाद्यापुरता त्याच्यापेक्षा जाणकार. विद्यापीठात तर ते त्याचे वर्गमित्रच. ओबोवालीने सकाळी त्याला कँटीनमध्ये वही उसनी दिलेली असते. संध्याकाळी तिला ‘जरा हळू’ म्हणायचं. पुढच्या रचनेला दुसरं कुणी उभं राहतं आणि हा व्हायोलाच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसतो. अधिकार इतका उघडपणे उसना असतो की मिरवायला जागाच उरत नाही.

हे वाद्य मिळवायचं कुठून? झुबिन मेहता १९५४ साली मुंबईतलं वैद्यकीय शिक्षण सोडून व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकू लागले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा मेहतांनी विद्यार्थी वादक जमवले आणि निर्वासितांच्या छावणीत मैफल केली. सायमन रॅटल लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकत असताना १९७३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने माहलरची दुसरी सिम्फनी उभी केली. भलामोठा ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, ऑर्गन, रंगमंचाबाहेरून वाजणारी पितळी वाद्यं, असा तो पसारा. केंब्रिजचा जॉन एलियट गार्डिनर शिकत होता इतिहास आणि अरबी; १९६४ मध्ये किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये त्याने मोंतेवेर्दीची व्हेस्पर्स ही रचना सादर केली, त्यातून मोंतेवेर्दी कॉयर हा गायकवृंद जन्माला आला. याच गार्डिनरने २०२३ मध्ये मैफलीनंतर पडद्यामागे एका गायकावर हात टाकला, जाहीर माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी स्वतः स्थापलेल्या संस्थेतून त्याला बाहेर पडावं लागलं. उसन्या अधिकाराची आठवण साठ वर्षांत विरून जात असावी.

या गोष्टी आपण कर्तबगारीच्या म्हणून सांगतो, आणि त्या तशा आहेतही. पण तिघांकडेही माणसं गोळा करण्याची धमक होती, आणि ‘चला, मी उभा राहतो’ म्हणणाऱ्या तरुणाचं लोक ऐकत होते. सगळ्यांचं तसं होत नाही. अमेरिकी कंडक्टर मरिन ऑल्सॉपला न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या संगीतविद्यालयाच्या कंडक्टिंग विभागाने पुन्हा पुन्हा नाकारलं. १९८४ मध्ये तिने कॉन्कॉर्डिया नावाचा स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला, कारण हात चालवायला माणसं हवी होती. २००७ मध्ये ती बाल्टिमोर सिम्फनीची संगीत संचालक झाली. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या त्या पदावर तिच्याआधी बाई नव्हती. ज्यांना असा ऑर्केस्ट्रा काढणं जमलं नसेल त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेलीच नाहीत. म्हणूनच वेळापत्रकात रीतसर बसवलेली मैफल मला जास्त न्याय्य वाटते. तिथे मित्र जमवण्याची हुशारी लागत नाही. आवाज न चढवणाऱ्या मुलीचीही पाळी येते. ऐटीची तर गरजच नाही. फ्रिट्झ रायनर हे कंडक्टर मनगटाच्या इवल्याशा हालचालीवर अख्खा ऑर्केस्ट्रा ताब्यात ठेवायचे. मंचावर उड्या मारणारा लेनर्ड बर्नस्टाइन त्यांचाच विद्यार्थी, ही गंमत वेगळी.

एका तक्रारीला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, ती वादकांची. विद्यापीठातली वर्षं मोजकी, मैफली त्याहून मोजक्या. ब्राम्सच्या एखाद्या सिम्फनीतला बासरीचा एकल तुकडा जिने महिनोन्महिने घोटला, तिला तो डळमळत्या हाताखाली वाजवावा लागला तर ती कुरकुरणारच, आणि तिचं चूक नाही. दुसऱ्याच्या शिक्षणासाठी ती आपली मोजकी संधी खर्च करते आहे. हार्वर्डचा बाख सोसायटी ऑर्केस्ट्रा विद्यार्थीच चालवतात आणि त्याचा कंडक्टरही विद्यार्थीच असतो. जॉन अॅडम्स, अॅलन गिल्बर्ट यांनी तिथे हात चालवलेला आहे. निदान तिथे कारभार वाजवणाऱ्यांच्या हातात आहे. इतरत्र बहुधा कंडक्टर कोण, हे प्राध्यापक ठरवतात, आणि बासरीवालीला ते फलकावर वाचून कळतं.