संन्याशाच्या पायातील वहाण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादत्राणांचे गुण सांगितले आहेत. ती पायांना जपतात, चालणे सुखाचे करतात, डोळ्यांना हितकर आणि बलवर्धक असतात. शिवाय वृष्य, म्हणजे प्रजननशक्तीला पोषक असतात. डोळ्यांचा किंवा प्रजननाचा हा संबंध आजच्या वैद्यकाने सिद्ध केलेला नाही. पण पायाखालच्या वस्तूचा परिणाम कंबरेपर्यंत पोचतो, हे खरे. टाच उचलली गेली की भार चवड्यावर येतो आणि तोल सावरताना घोटा, गुडघा, कटी व कणा आपली ठेवण बदलतात. कटी कुठे आणि किती कलेल, हे मात्र माणसागणिक बदलते. उंच टाचेने प्रत्येकाच्या कंबरेचा बाक वाढतो, हा समज अभ्यासांत सरसकट टिकत नाही.

जी वस्तू देहाला बळ आणि सुख देते, ती विरक्ताने वापरावी का?

जैन साधू-साध्वी अनवाणी विहार करतात. त्यामागे अपरिग्रह आहे, त्याहून अधिक अहिंसा. ईर्यासमितीनुसार पुढची साधारण चार हात जमीन न्याहाळत, जीवजंतू टाळत चालायचे असते. त्यामुळे नजर खाली राहते, वेग मंदावतो. इथे शरीराची ठेवण व्रतच ठरवते. अनवाणी पायांना घट्टे पडतात, पण त्यामुळे तळव्याची संवेदना बोथट होत नाही, असे केनिया व अमेरिकेतील लोकांच्या तुलनेतून २०१९ साली दिसून आले. व्रत पाळणाऱ्याला अर्थात या दाखल्याची गरज नसते.

बौद्ध विनयाची वाट निराळी. विनयपिटकातील महावग्गाच्या पाचव्या खंधकात, म्हणजे प्रकरणात, चंपेच्या सोण कोळिविसाची कथा येते. तो इतका सुकुमार होता की त्याच्या तळव्यांवर लव होती. चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करता करता त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला, की त्या ना फार ताणलेल्या असाव्यात ना फार सैल, आणि पुढे एकपदरी वहाणांची परवानगीही. एकट्यासाठी सवलत नको, असे सोणाने म्हटल्यावर ती सगळ्या संघाला मिळाली. देहदंडात पुण्य नाही, हा सिद्धान्त इथे थेट पायापर्यंत येतो. सवलतीला मर्यादाही होत्या. लाकडी खडावा निषिद्ध ठरल्या, कारण पहाटे त्यांचा खडखडाट ध्यानात व्यत्यय आणी आणि किडेही चिरडले जात. गावात शिरताना निरोगी भिक्षूने वहाणा घालायच्या नव्हत्या.

याच खंधकातील दुसरा सोण, कुटिकण्ण, अवंतीचा. त्याचे गुरू महाकच्चान यांनी त्याच्याकरवी बुद्धाला निरोप धाडला: अवंती-दक्षिणापथातली जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, तिथे अनेकपदरी वहाणा चालू द्याव्यात. काळ्या रानातून उन्हाळ्यात चाललेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. अनवाणीपण हेच पुण्य मानले असते, तर मातीचा पोत विचारात घ्यायचे कारण नव्हते. बुद्धाने ही सवलत सर्व सीमावर्ती जनपदांना दिली. मध्यदेशात मात्र अनेकपदरी वहाणा कुणी वापरून टाकलेल्या असतील तरच भिक्षूला चालत. नव्या घेण्याची मुभा नव्हती.