कोठडीतला जाब कुणी द्यायचा?

हिवरखेडच्या बाजारात असो की अकोल्यात कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, चोरीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ठाणेदारानं खाक्या दाखवला की पोपटासारखा बोलतो.’ कोठडीत कुणी मेला, तर त्याच तोंडून दुसरं वाक्य येतं: ‘पोलिसांनीच मारलं याला पुरावा काय?’ पहिल्या वाक्यात मारहाण गृहीत धरलेली असते आणि दुसऱ्यात ती सिद्ध करून मागितलेली असते. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व सरकारच्या ताकदीपुढं एकट्या पडलेल्या माणसासाठी जन्माला आलं. आज ते आरोपीच्या वाट्याला क्वचित येतं आणि गणवेशाला मात्र पुरेपूर मिळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’चे फलक लागले. त्याच्यावरच्या खटल्यात तोवर एकही साक्ष झाली नव्हती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात कारण निघालं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. तरीही विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की, न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं मारहाण झाली नसल्याचं म्हटलं होतं.

हे उत्तर कसं मिळतं, ते तालुक्याच्या कोर्टात दोन तास बसणाऱ्या कुणालाही दिसतं. आरोपीला उभं केलं जातं. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असा प्रश्न येतो. ज्यांनी त्याला आणलं आणि ज्यांच्याबरोबर त्याला परत जायचं आहे, ते शिपाई त्याच्या मागं हातभर अंतरावर असतात. पोलीस कोठडी (पीसीआर) वाढली, तर पुढची रात्र त्याच खोलीत काढायची असते. तो म्हणतो, ‘नाही साहेब.’ तेवढं नोंदवलं जातं आणि पुढं ती नोंद पोलिसांच्या बाजूची साक्ष होते.

पोलिसांच्या खोलीत निघालेला शब्द खरा मानू नये, हे इंग्रजांनाही कळलं होतं. मद्रास इलाख्यातल्या छळाचा अहवाल १८५५ मध्ये आला, १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पोलिसांसमोरचा कबुलीजबाब नाकारला आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो नियम कलम २५ म्हणून बसला. कलम २७ नं जप्तीच्या नावाखाली त्याला मागचं दार ठेवलं. स्वातंत्र्यानंतर संविधानात आरोपीला संरक्षण देणारी कलमं २० आणि २२ आली. १९९६ मध्ये डी. के. बसू निकाल आला आणि अटक आणि कोठडीबाबतच्या त्यातल्या अकरा सूचना ठाण्यांच्या भिंतींवर लागल्या. बहुतेक लेखक या निकालाला खरं वळण मानतात. खरं वळण त्याच्या २४ वर्षं आधी विदर्भात आलं होतं, आणि ते आजही भलत्याच खात्यात नोंदलेलं आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंजचं पोलीस ठाणं. भावानं दिलेल्या तक्रारीमुळं एक आदिवासी मुलगी जबाबासाठी आली होती. डॉक्टरांच्या अंदाजानं तिचं वय चौदा ते सोळा. जबाब घेणारा हवालदार साडेदहाच्या सुमारास निघून गेला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. बाहेरची माणसं वाट पाहत राहिली. ठाण्याचे दिवे बंद झाले, दार लागलं, हाका मारल्या तर उत्तर आलं की ती केव्हाच गेली. ती बाहेर आली तेव्हा तिनं सांगितलं की, शिपाई गणपतनं ठाण्याच्या मागच्या संडासात आपल्यावर बलात्कार केला.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला: भीतीनं हतबल होऊन सोसणं म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांना निर्दोष सोडलं. अंगावर जखम नाही, ती ओरडली नाही, म्हणजे विरोध नव्हता. बाईला ठाण्यात बोलावूच नये, असं नंदिनी सत्पथी निकालात हेच न्यायालय पाचच महिन्यांपूर्वी म्हणालं होतं.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले. त्या मुलीच्या नावानं, मथुरा प्रकरण म्हणून, ते स्त्रीमुक्तीच्या इतिहासात गेलं. तिथं ते शोभतंच. पण तिथंच ते कोंडून ठेवल्यानं त्यातला निम्मा अर्थ हरवला. नागपूरच्या न्यायमूर्तींनी ओळखलं होतं ते ठाण्याच्या बंद दाराबद्दल. तिथल्या माणसाचं गप्प राहणं हे त्याच्या मनाचं मोजमाप असूच शकत नाही. देसाईगंजच्या मुलीचं न ओरडणं आणि परभणीच्या विद्यार्थ्याचं ‘नाही’ ही एकाच खोलीतून आलेली उत्तरं आहेत, आणि दोन्ही वेळा ती सत्तेनं आपल्या सोयीनं वाचली.

१९८३ च्या दुरुस्तीनं अर्धा धडा घेतला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ आलं: कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्ट तसंच गृहीत धरेल. जाब किल्ली बाळगणाऱ्यानं द्यायचा. कोठडीतल्या एका गुन्ह्यापुरता का होईना, या देशाच्या कायद्यानं तो भार पहिल्यांदा गणवेशावर टाकला.

उरलेला अर्धा धडा शिकवणारेही मराठीच होते. जानेवारी १९८५ मध्ये रामसागर यादव खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्यासमोर उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याचा कोठडीतला मृत्यू आला. पोलिसांनी लाच मागितल्याची तक्रार त्यानं केली होती. चंद्रचूडांनी लिहिलं की, कोठडीत काय झालं हे पोलिसांनाच ठाऊक असतं आणि ते एकमेकांना सांभाळतात, म्हणून पुराव्याच्या भाराचा कायदा बदला. त्याच वर्षी विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालानं कलमच लिहून दिलं, ११४-ब: कोठडीत जखम झाली, तर ती पोलिसांनी केली असं कोर्टाला गृहीत धरता येईल. कोठडी किती काळ होती, जखमी काय सांगतो, डॉक्टर काय म्हणतात, हे कोर्टानं पाहायचं. २०१७ च्या २७३ व्या अहवालात तीच शिफारस पुन्हा आली.

अशानं प्रत्येक गुंड पोलिसांना अडकवेल, अशी भीती घातली जाते. गृहीतक खोडण्याची मुभा आयोगानं पोलिसाला ठेवलेली आहे. शिवाय त्याच्याकडं स्टेशन डायरी आहे, आणि २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानंतर प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही असणं, त्याचं चित्रण जपणं बंधनकारक आहे. प्रामाणिक ठाणेदाराला त्या कॅमेऱ्याइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही. उलट आजची स्थिती सरकारी आकडेच सांगतात: २००१ ते २०२० या काळात देशात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू नोंदले गेले आणि दोषी ठरले २६ पोलीस.

परभणी प्रकरणात सोमनाथच्या आईच्या बाजूनं अकोल्याचे माजी खासदार ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. पण गुन्हा नोंदवून पुढं काय? लाठी नेमकी कुणाची लागली, हे अजूनही मेलेल्याच्या बाजूनंच सिद्ध करायचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानं बलात्काराबाबतचं गृहीतक कायम ठेवलं आणि कोठडीतल्या जखमेबाबतचं घेतलंच नाही. पुराव्याचा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळं राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला आपल्यापुरती ही दुरुस्ती करता येते. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. अकोट, तेल्हाऱ्याच्या मतदारांनी आपल्या आमदाराला ११४-ब बद्दल विचारायला हवं.