शेवटचे घर नसलेला पट





आपल्या मराठीत 'नाद' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. मृदंगाचा तोही नाद, आणि पोरगा पत्त्यांच्या मागे लागला तर तोही नादच. 'छंद' या शब्दाची तीच गोष्ट. वेदाला छंदस् म्हणतात, मनातल्या इच्छेलाही छंद म्हणतात, आणि आपण नामाचा छंद लागो म्हणून मागणे मागतो. भाषा घडवणारांना दोन निराळे शब्द सापडले नसते काय? सापडले असते. पण मनाची चिकटण्याची शक्ती एकच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या शक्तीविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि निमित्त आहे मोबाइलवरचा एक खेळ.

'कौन बनेगा करोडपती' कोणाला सांगायला नको. मूळ कार्यक्रम इंग्लंडातला, १९९८ सालचा. आपल्याकडे तो ३ जुलै २००० ला आला, आणि २०१३ पासून मराठीतही त्याचे अवतार झाले. एक प्रश्न, चार पर्याय, त्यातले एक उत्तर खरे. २०१७ पासून घरी बसलेल्या प्रेक्षकालाही त्याच वेळी, तोच प्रश्न, हातातल्या मोबाइलवर सोडविण्याची सोय झाली. आणि याच धर्तीचे प्रश्नांचे खेळ मोबाइलवर असे निघाले की त्यांना ना वार लागतो ना वेळ.

कार्यक्रमाला नावे ठेवण्यासाठी मी लिहीत नाही. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेतल्या मुलांना खिचडी रांधून घालणाऱ्या बाई, त्या खुर्चीवर बसून एक कोटी जिंकल्या, तेव्हा कोणाला आनंद झाला नाही? विद्या कोणाच्याही घरी नांदते, हे साऱ्या देशाने पाहिले.

पण आता नवी मुंबईतली गोष्ट ऐका. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागात आपला वारकरी पुष्कळ. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेला, बाजार समितीत पाठीवर पोती वाहून घर उभे केलेला माथाडी. त्यांच्या एका अखंड हरिनाम सप्ताहात मी कीर्तनाला होतो. रात्री दोनच्या सुमारास मंडपात गेलो, तो वीणेचा पहारा एका साठी उलटलेल्या गृहस्थांकडे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, तार थांबू द्यायची नाही, हा आपला नेम. वीणा त्यांच्या गळ्यात होती, तार मात्र गप्प होती. डाव्या हातात मोबाइल, तोंडावर त्याचा निळा उजेड, आणि उजव्या हाताचे बोट चार पर्यायांवर फिरत होते.

तरुण मंडळी संतापली. एक जण म्हणाला, "यांच्या गळ्यातली वीणा काढून घ्या, पुन्हा पहारा देऊ नका." मी त्यांना थांबविले. त्या गृहस्थांना बाजूला घेऊन म्हणालो, "माउली, हे काय?" ते म्हणाले, "महाराज, यात पैसा लागत नाही. जुगार न्हाई हा. ज्ञानच वाढतंय की."

हा पूर्वपक्ष आहे, आणि तो टाकाऊ नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. हा खेळ त्या बंदीच्या कक्षेत येत नाही. मग दोष कोठे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. तो बिचारा ठरवितो की आज सोबत्यांबरोबर जाणार नाही; पण फासे पटावर पडल्याचा आवाज कानी आला की पाय आपोआप वळतात. पैसा तेथेही पुढचा. आधी तो आवाज. मोबाइलवर बरोबर उत्तराला जो टणत्कार होतो, तो याच फाशांचा. पुढचा प्रश्न येईल की न येईल, आला तर जमेल की चुकेल, या अनिश्चिततेत मन अडकते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पायऱ्या सांगितल्या आहेत: विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, आणि पुढे बुद्धिनाशापर्यंत. त्यात रुपयाचा उल्लेख कोठेच नाही!

वैद्यांनीही आता हे मानले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. लक्षणे तीन: आवर घालता न येणे, इतर सर्व कामांआधी खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही न सुटणे, तेही साधारण वर्षभर टिकले तर. म्हणजे लोकलमध्ये वाशी ते कुर्ला चार प्रश्न सोडविले म्हणून कोणी रोगी होत नाही. उगाच घाबरू नये, आणि घरच्या सुनेला घाबरवूही नये.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे मोक्षपट नावाचा खेळ होता, परंपरा तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावे सांगते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाची शिडी चढायची, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचे. हाच पुढे इंग्लंडात जाऊन सापशिडी झाला. त्या पटाला शेवटचे घर होते. तेथे सोंगटी पोहोचली की खेळ संपला, पट गुंडाळला, मुले जेवायला उठली. टीव्हीवरच्या कार्यक्रमालाही शेवट आहे. वेळ संपली की भोंगा वाजतो आणि समोरचा माणूस घरी जातो. मोबाइलवरच्या या पटाला शेवटचे घरच ठेवलेले नाही. हजारावा प्रश्न सोडविला की एक हजार एकावा तयार. खेळणारा थकेल तेव्हा थांबेल, पण खेळ 'पुरे' म्हणणार नाही. रात्री दोन वाजता पहाऱ्यावर उभा असलेला माणूस त्यात सापडला, याचे मला नवल वाटले नाही.

नवल वाटले ते त्यांच्या पुढच्या बोलण्याचे. ते म्हणाले, "महाराज, सातवीत शाळा सुटली. पस्तीस वर्षं ओझी उचलली. 'अरे, इकडं ठेव, तिकडं ठेव', एवढंच ऐकलं. घरी पोरं शिकलेली, मी बोललो की हसतात. ह्यो एकच हाय, जो मला सांगतो, तुमचं उत्तर बरोबर हाय."

सज्जनहो, हे ऐकून मंडपातली तरुण पोरे गप्प झाली. तीस-तीस वर्षे हा माणूस आपल्या फडात टाळ घेऊन उभा आहे. हरिपाठ तोंडपाठ. आपण त्याला कधी एक प्रश्न विचारला? आम्ही कीर्तनकार वरून बोलतो, खालचे 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात, आणि अर्थ कळला की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. जी भूक आपण भागविली नाही ती एका यंत्राने भागविली, तर यंत्राला शिव्या देऊन काय उपयोग?

अर्थात पहाऱ्यावर मोबाइल चालणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. येथे सवलत नाही. वीणा गळ्यात असेल तोवर मोबाइल पिशवीत, आणि पिशवी पुढच्या पहारेकऱ्यापाशी. त्यांनी ते तेथल्या तेथे मान्य केले, आणि उरलेला तास तार छेडीत उभे राहिले. त्यांना कोणी बदलले नाही.

दुसरी व्यवस्था मंडळाने केली. दर सोमवारी संध्याकाळी मंदिरात ज्ञानेश्वरी वाचतात. तेथे आता वाचन झाले की पोथी मिटायच्या आधी अर्धा तास प्रश्नांचा. विचारायचे कोणीही, उत्तर द्यायचे कोणीही, आणि माथाड्यांनी आधी बोलायचे, पदवीधरांनी नंतर. पहिल्या सोमवारी या गृहस्थांना कोणीतरी विचारले, "अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले ते भीतीने की मायेने?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ह्याला पर्याय किती हायती?" सगळे हसले, तेही हसले. आणि मग त्यांनी जे उत्तर दिले त्यावर मंडळी रात्री साडेनऊपर्यंत भांडत होती.