पेवांतील दाणा

एका मंडळीच्या भेटींत एका मातेनें आम्हांस विचारिलें, “मेंदू मृत झालेल्या मुलाचे अवयव दिले, तर पुनरुत्थानाच्या दिवशीं तो अपुरा उठेल काय?” प्रश्न गंभीर आहे, आणि प्रसंग आला असतां विचारास अवधि फार थोडा मिळतो.

कारण देहांतून काढिलेलें हृदय बर्फांत थंड ठेविलें, तर सुमारें 4 ते 6 तास टिकतें. मूत्रपिंड सुमारें एक दिवस. सोलापुराहून पुणें तर अडीचशें किलोमीटर! मग अवयव गोठवूनच कां ठेवूं नयेत? गाईम्हशींसाठीं रेताच्या कांड्या उणें 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनांत वर्षानुवर्षें टिकतात, हें आपण जाणतों. परंतु अवयव मोठा. गोठतांना पाण्याचे स्फटिक त्याच्या पेशी फाडितात, आणि ऊब देतांना तो सर्वत्र सारखा तापत नाहीं, म्हणून तडकतो. 2023 सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं उंदरांचीं मूत्रपिंडें 100 दिवसांपर्यंत कांचेसारख्या स्फटिकरहित स्थितींत राखिलीं, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या योगें सारखीं तापविलीं, व दुसऱ्या उंदरांत बसविलीं, तीं चाललीं. मानवी अवयवांस हा लाभ रुग्णालयांत अद्याप झालेला नाहीं.

ह्याच शीताचा दुसराही उपयोग योजिला गेला. 1967 सालीं जेम्स बेडफर्ड नामक अमेरिकन गृहस्थाचें प्रेत, पुढें कधीं तरी सजीव होईल ह्या आशेनें, गोठविण्यांत आलें. शीत तेंच, हेतु मात्र भिन्न. आमच्या जिल्ह्यांत ज्वारी पेवांत सांठवीत, ती खावयास व पेरावयास. दाणा दाणाच राहावा म्हणून कोणीं पेव खणिलें नाहीं. देण्यासाठीं राखणें हें कारभारीपण. सोडवत नाहीं म्हणून राखणें हें भय.

त्या मातेस आम्हीं म्हटलें, “बाई, कित्येक रक्तसाक्षी अग्नींत जळाले, कित्येक श्वापदांच्या मुखीं पडले. प्रभु त्यांस अपुरे उठवील काय? आपली आशा उरलेल्या देहावर नाहीं, हांक मारणाऱ्यावर आहे.” तथापि जिला देववत नाहीं, तिला कोणीं दोष देऊं नये, बळानें घेतलेलें तें दान नव्हे.

म्हणून आमची विनंति इतकीच कीं, घरांत सर्व निरोगी असतांच ह्या गोष्टीचा प्रार्थनापूर्वक विचार करावा व आपली इच्छा आप्तांस सांगून ठेवावी. जो अवधि बर्फ अजून देऊं शकत नाहीं, तो आपण आजच आपल्या माणसांस देऊं शकतों.