उभी वांटणी, आडवें औत

न्यायाचा विचार करितांना आपण बहुधा समोर उभ्या असलेल्या माणसांचाच विचार करितों. जे हजर आहेत, ज्यांना तक्रार करितां येते, त्यांचें समाधान झालें कीं न्याय झाला, असें आपण मानतों. हा समज किती अपुरा आहे, हें दख्खनच्या पठारावरील एखाद्या उतरत्या शेताच्या वांटणींत स्पष्ट दिसतें.

अशा शेताचा वरचा भाग हलका व मुरमाड, खालचा काळा व कसदार. एका भावाला वरचा आणि दुसऱ्याला खालचा तुकडा दिला तर अन्याय होईल. म्हणून पंच उताराच्या दिशेनें उभ्या पट्ट्या पाडतात. प्रत्येकाला थोडी चांगली, थोडी वाईट जमीन मिळते. भावाभावांत याहून चोख न्याय कोणता? परंतु अरुंद पट्टींत आडवें औत वळवणें कठीण. मग नांगर, कुळव, पाभर सारें उतारानेंच चालतें, आणि प्रत्येक तास म्हणजे पावसाला खणून दिलेला पाट होतो. पाणी मुरण्यापूर्वींच पळतें व माती बरोबर नेतें. जी इंचभर माती घडावयास शेंकडों वर्षें लागतात, ती थोड्याच पावसाळ्यांत ओढ्याला मिळते.

उपाय अवघड नाहीं. समपातळीच्या रेषेनें, उताराला आडवी मशागत केली कीं प्रत्येक तासच लहानसा बांध होऊन पाणी अडवतो. उतार अधिक असल्यास जोडीला मातीचे बांध घालावे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानें अशा बांधबंदिस्तीला पाठबळ दिलें. पण समपातळीची रेषा मालकाची हद्द पाहून वळत नाहीं. ती एकाच्या शेतांत तिरपी शिरते, दुसऱ्याचा कोपरा तोडते. म्हणून सरकारनें घातलेले कित्येक बांध शेतकऱ्यांनीं पुढें नांगरून टाकले. त्यांना अडाणी म्हणणें सोपें आहे. पण नुकसान एकट्यानें सोसावें आणि लाभ शेजाऱ्याला व्हावा, हेंही न्यायाला धरून नाहीं.

तरीही प्रश्न उरतोच. मिताक्षरेनें वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राला जन्मतःच हक्क दिला. २००५ च्या कायदेदुरुस्तीनें तो कन्येलाही लाभला. बाप जिवंत असतांही मिळकत सर्वस्वी त्याची नव्हे, हें तत्त्व आपल्याला नवें नाहीं. उणीव आहे ती मोजमापांत. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलें जातें, मातीची खोली लिहिली जात नाहीं. वीस गुंठ्यांवरील माती वाहून गेली, तरी वारसाच्या हातीं वीस गुंठेच येतात. त्याचें नुकसान कागदावर दिसत नाहीं, आणि तें झालें तेव्हां तो तक्रार करावयास जन्मलेलाही नव्हता.

मग भावांचा न्याय मोडावा काय? मुळींच नाहीं. मालकी उभी वांटली म्हणून मशागतही उभी वांटलीच पाहिजे, असें कोठें आहे? इर्जिक व सावड या चाली आपल्या खेड्यांनीं कधींच्याच शोधल्या आहेत. दोघांनीं बैल, अवजारें एकत्र करून दोन्ही पट्ट्यांवरून आडवें औत चालवावें आणि पीक आपापल्या हद्दींत काढावें. त्यासाठीं कोणाची हद्द हलवावी लागत नाहीं. नांगरणी-पेरणीच्या दिवसांपुरता भाऊबंदकीचा अबोला तेवढा सोडावा लागतो.