अस्सलपणाचा दाखला

जुनी मोटार तिच्या मूळ स्वरूपात पुन्हा सिद्ध करणे हा वरवर पाहता धनिकांचा छंद आणि फार तर एखाद्या कुशल मिस्त्रीच्या हातकसबाचा विषय. परंतु या उद्योगात पडणाऱ्यास पहिल्याच दिवशी जो प्रश्न पडतो, तो गॅरेजात सुटण्याजोगा नसतो. गाडी खोलून तिचे भाग जमिनीवर मांडले, म्हणजे त्यांतील कोणते राहिले असता गाडी तीच राहिली असे म्हणावयाचे, हे ठरविल्यावाचून पुढचे काम सुरू होत नाही. आणि हे ठरवू जाणे म्हणजे आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चालविलेल्या एका जुन्या कज्ज्यात नव्याने वकीलपत्र दाखल करणे होय.

अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून पुढे जेमतेम दशकभर ज्या दांडग्या इंजिनांच्या मोटारी निघाल्या आणि ज्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात, त्यांच्या जीर्णोद्धारात ही चिकित्सा पराकोटीस गेली आहे. इंजिनावर कोरलेले अंक चेसिसच्या अंकांशी जुळले पाहिजेत. एवढेच नव्हे, तर कारखान्यात तपासनिसाने ओढलेली खडूची रेघ आणि घाईत फिरलेल्या रंगाच्या फवाऱ्याचा ओघळदेखील, दोष असूनही, जसाच्या तसा पुन्हा उमटविला जातो. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज-प्लिमथ आणि पुढे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांचे बोनेट उघडून अकोल्याच्या वा अमरावतीच्या मिस्त्रीने 'कंपनी फिटिंग आहे' असा निर्वाळा देणे, यातही श्रद्धा तीच आहे. कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडली तो क्षण शुद्ध, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस हा थोडाथोडा भ्रंश, अशी ही श्रद्धा होय.

सरकारनेही यात निवाडा दिला आहे. २०२१ च्या जुलैत निघालेल्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची जी गाडी मूळ स्वरूपात राखली आहे आणि जिच्या चेसिसमध्ये, बॉडीत अथवा इंजिनात भरीव फेरबदल झालेला नाही, तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंद व 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. म्हणजे कायद्याच्या मते मोटारीचा जीव या तीन ठिकाणी वसतो. टायर, गाद्या, काचा हा तिचा केवळ वेष. व्यवहारास हे पुरेसे आहे. परंतु तीनच का, आणि यांतील एकाचा अर्धा भाग गंजून गेला तर काय, या प्रश्नांना नियमपुस्तकात जागा नसते.

ती जागा शास्त्रांत आहे. मिलिंद राजाने बौद्ध भिक्षू नागसेनास त्याच्या अस्तित्वाविषयी छेडले, तेव्हा नागसेनाने राजा ज्या रथातून आला त्या रथाचीच उलटतपासणी केली: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय; आणि यांपैकी काहीच रथ नसून या साऱ्यांच्या आश्रयाने चालणारे ते एक व्यवहारनाम आहे, हे राजाच्याच तोंडून वदवून घेतले. वैशेषिकांना हे मान्य नाही. अवयवांहून अवयवी वेगळा आणि खरा आहे, असे ते म्हणतात. पण त्याची किंमतही ते चुकवितात, कारण वस्त्रातून एक तंतू निघाला की त्यांच्या मते जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, आणि 'हे तेच' ही आपली ओळख केवळ सादृश्याने झालेला भ्रम ठरते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही मिळून सत् होते, असे म्हटले आहे. उपजणे आणि नाहीसे होणे ज्यात नाही ते टिकतही नाही. बौद्ध मताने जीर्णोद्धार करावयास मूळ असे काही उरत नाही, आणि वैशेषिक मताने पहिला बोल्ट बदलताच ते हातचे जाते. या दोघांच्या कात्रीतून जैन विचार आपणास सोडवितो, परंतु ध्रुव राहते ते नेमके कोणते, याचा शोध प्रत्येक वस्तूपाशी नव्याने घ्यावा लागतो.

हा शोध घेण्यास वऱ्हाडाइतकी अनुकूल भूमी क्वचितच असेल. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभावांचे महास्थान. चक्रधरस्वामींच्या सहवासाने पावन झालेली स्थाने आणि त्यांच्या स्पर्शाच्या प्रसादवस्तू यांना हा पंथ वंदनीय मानतो. तेथे वस्तूची थोरवी तिच्या घडणीत अथवा नवेपणात नसते, तिच्या संबंधात असते; ज्या शिळेवर स्वामी बसले, ती खाणीतून निघाली त्या दिवशीच्या रूपात परत न्यावी, असे कोणाही भाविकाच्या मनात यावयाचे नाही. याच न्यायाने पाहू. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांना अमरावतीकडे आणीत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे देहावसान झाले. ती मोटार आज समोर आहे असे कल्पनेने धरावे, आणि कोणी तिचा रंग खरवडून, आसने उचकटून, ती कारखान्यातून निघाली तशी लखलखीत करून दाखविली, तर अंक सारे जुळूनही आपण हळहळूच; कारण जे जपावयाचे होते ते सारे कारखान्यातून निघाल्यानंतरचेच होते. स्वतः बाबांनी मात्र अशा वस्तुपूजेकडे ढुंकूनही पाहिले नसते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

म्हणून मला असे वाटते, की 'मूळ' हे सापडत नसून निवडले जाते. वस्तूच्या दीर्घ आयुष्यातील एक दिवस आपण वेगळा काढतो, त्यास आरंभ म्हणतो आणि उरलेल्या दिवसांस गंज समजतो. धर्माच्या क्षेत्रात हीच प्रवृत्ती अधिक गंभीर रूप घेते. मूळ शुद्ध धर्माकडे परत चला, ही हाक पुष्कळदा सुधारकाची असते आणि तिने पुष्कळ मळ धुऊनही निघाला आहे. पण त्याच हाकेने कित्येकदा मधल्या शतकांतील संतांचे, स्त्रियांचे आणि अनामिक भाविकांचे संचित पुट्टीसारखे खरवडून टाकले आहे. सामान्य माणूस मात्र असे मूळ शोधत बसत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे पूर्वी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलात काढून त्या जागी डिझेलचे आणले गेले, तरी वऱ्हाडच्या शेतकऱ्याने आपल्या गाडीचे नाव बदलले नाही. वाट तीच, थांबे तेच, बसणारी माणसे तीच. तादात्म्याचा हा लोकसिद्ध निर्णय कोणत्याही अंकतपासणीहून मला अधिक शहाणा वाटतो.

यावरून कोणी असे समजू नये, की अस्सल आणि नक्कल यांत भेदच नाही. भेद आहे, आणि तोही ऋद्धिपूरच्या महानुभावांनीच दाखविला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव हिंडून, साक्षी पारखून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. त्या पुनर्घटनेतून निरनिराळे पाठ निघाले, आणि हिराइसेचा पाठ, पिढीपाठ अशी त्यांची वेगवेगळी नावे परंपरेने राखली. कोणी आपला पाठ म्हाइंभटांच्या हातचा म्हणून खपविला नाही. म्हणूनच विष्णु भिकाजी कोलते यांच्यासारख्या संशोधकास अनेक पोथ्या ताडून १९७८ साली संपादित आवृत्ती सिद्ध करता आली. पोथी गेली, पण सचोटी राहिली. आणि ध्रौव्य ते हेच.

तेव्हा जीर्णोद्धारकाचा धर्म माझ्या मते एवढाच, की बदलावे लागेल ते बदलावे, पण बदल लपवू नये. शेताचा धनी बदलला तरी सर्व्हे नंबर मोडत नाही, कारण प्रत्येक हस्तांतर गावाच्या फेरफार नोंदवहीत दाखल होते. तशीच नोंदवही प्रत्येक जुन्या मोटारीबरोबर असावी. कोणता पत्रा केव्हा कापला, इंजिन कोठून आणले, रंग कोणत्या नमुन्यावरून जुळविला, मिस्त्री कोण, हा तपशील तीत तारीखवार लिहावा, आणि गाडी विकताना किल्लीबरोबर ती वहीही नव्या धन्याच्या स्वाधीन करावी. ज्या गाडीची अशी वही आहे ती, निम्मे भाग नवे असले तरी, अस्सल; आणि जिचे सारे अंक जुळतात पण ते रात्रीतून कोरलेले आहेत, ती नक्कल. वऱ्हाडात ज्यांच्या वाड्याच्या ढाळजेत वा गोठ्यात आजोबांची मोटार अद्याप उभी आहे, त्यांनी मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी आधी एक कोरी वही आणावी.